जुन्या संचास नवा कंठ

गेल्या श्रावणांत आमच्या मातोश्रींनीं सायंकाळीं सोप्यांत येऊन बसण्याचें सोडून दिलें. दिवेलागण झाली, देवापुढें उदबत्ती लागली, कीं आपली वेताची खुर्ची ओढून टी.व्ही.पुढें बसावयाचें, हा त्यांचा वडील गेल्यापासूनचा बारा वर्षांचा क्रम. प्रथम कीर्तन, मग बातम्या, मग त्या मालिका, ज्यांना नांवें ठेवीत ठेवीत घरांतील एकूणएक मंडळी पाहतात. त्यांचें वय आतां सत्त्याऐंशी. कारण पुसलें तेव्हां म्हणाल्या, "मला आंतच बरें वाटतें. तुम्ही बघा. माझ्यासाठीं मोठ्यानें लावूं नका."

या शेवटच्या वाक्यांत सर्व कांहीं होतें. परंतु तें माझ्या ध्यानांत यावयास दोन महिने लागले.

एकत्र कुटुंबांत कोणतीहि अडचण एकटी येत नाहीं. येतांना पांचसहा उपाय बरोबर घेऊन येते. पुतण्या गोकुळ शिरगांवच्या एका कारखान्यांत आहे. त्याचें म्हणणें, हा २०११ सालचा बत्तीस इंची संच काढून टाकावा आणि हप्त्यांनीं पंचावन्न इंची घ्यावा. त्याचा मुलगा नववींत. त्यास पाहिजे चोहों बाजूंनीं आवाज करणारें 'होम थिएटर', म्हणजे क्रिकेटचा सामना मैदानांत बसून पाहिल्यासारखा वाटेल. वहिनींस पाहिजे शांतता. ज्येष्ठ बंधूंस पाहिजे कीं एक पैहि खर्च होऊं नये. आणि सर्वांचें एकमत काय तें एवढ्यावरच, कीं आजी आतां बहिऱ्या झाल्या.

मी मात्र एक गोष्ट पाहत होतों. दुपारीं माजघरांत भाजी निवडतांना आमच्या सौ. हलक्या आवाजांत कांहीं बोलल्या, तरी मातोश्रींस तें नीट कळे आणि त्या त्यावर आपला शेराहि मारीत. टी.व्ही. कितीहि चढविला तरी मात्र "काय म्हणाला रे तो?" हा प्रश्न सुटत नसे. म्हणून प्रथम कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं यंत्रावर तपासून एक आलेख हातीं दिला. खालच्या पट्टीचे आवाज ऐकण्यांत फारसा उणेपणा नव्हता. वरच्या पट्टीकडे रेषा एकदम उतरली होती. वृद्धापकाळीं बहुधा असेंच होतें, श्रवणयंत्राचा विचार करा, असें त्यांनीं सांगितलें. मातोश्रींनीं तो विचार 'दिवाळीनंतर' या सोयीच्या मुदतीवर ढकलला.

त्या आलेखाकडे पाहतां पाहतां मला जुनें व्याकरण आठवलें. स्वर हा स्वतंत्र, व्यंजन हें परावलंबी, स्वराच्या आधारावांचून त्याचा उच्चार नाहीं, हें मीं शाळेंत छत्तीस वर्षें शिकविलें. उच्चाराच्या दृष्टीनें तें खरेंच आहे. परंतु ऐकणाराच्या बाजूनें पाहिलें म्हणजे चित्र निराळें दिसतें. आवाजाचा जोर स्वरांत असतो आणि तो बराचसा खालच्या पट्टींत. स, श, त, थ, क, फ हीं व्यंजनें मूळचींच क्षीण, आणि त्यांपैकीं सकार-शकार तर फार वरच्या पट्टीचे. अर्थाचा भार मात्र पुष्कळसा या दुबळ्या व्यंजनांवरच. 'फार', 'तार', 'सार', 'चार' यांतील पहिलें व्यंजन काढून घ्या, चारी शब्द एकच होतात. म्हणजे मातोश्रींस आवाज येत होता, शब्द येत नव्हता. आणि आम्ही आवाज वाढवीत होतों.

त्यांत संचाचाहि दोष होता. जुन्या पिक्चर ट्यूबच्या डब्यांत स्पीकर बहुधा पुढच्या बाजूस, पाहणाराकडे तोंड करून असत. संच चपटे झाले तशी त्यांस जागा उरली नाहीं. ते तळाशीं किंवा पाठीमागें गेले आणि आकारानेंहि रोडावले. शिक्षक खालीं मान घालून बोलूं लागला, तर शेवटच्या बाकावर काय पोंचतें हें मीं सांगावयास नको.

आणि तिसरा दोष आमच्या सोप्याचा. ध्वनि कसा पसरतो याविषयीं नैयायिकांनीं दोन न्याय सांगितले आहेत. पाण्यावर लाटेमागून लाट जाते तसा, हा वीचीतरंगन्याय. आणि कदंबाचें फूल जसें एकाच वेळीं सर्व अंगांनीं फुलतें तसा दशदिशांस, हा कदंबमुकुलन्याय. आमच्या सोप्यांत कदंब फुलत होता खरा, परंतु त्याची प्रत्येक पाकळी भिंतीवर आपटून परत येत होती. पूर्वीं येथें सारवलेली जमीन, घोंगड्या, दोऱ्यांवर वाळत घातलेलीं लुगडीं असा प्रकार होता, आणि या सर्वांत आवाज मुरत असे. आतां गुळगुळीत फरशी, तैलरंगाच्या भिंती आणि कांचेचें कपाट आहे. एक टाळी वाजविली कीं तिची शेपूट ऐकूं येते.

चित्रपटगृहवाल्यांनीं हा प्रश्न फार पूर्वींच हातीं घेतला होता. आपल्या कोल्हापुरांत १९२९ सालीं प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३२ सालीं तिचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट लोकांनीं पाहिला, नव्हे ऐकला. बोलपट आला तेव्हां बोलणें नटाच्या मुखांतून आल्यासारखें कसें वाटावें, हा पेंच पडला. म्हणून पडद्यास बारीक बारीक छिद्रें पाडून स्पीकर त्याच्या पाठीमागें ठेवण्याची रीत पडली. पुढें चोहोंकडून ध्वनि आला; डिस्नेच्या 'फँटेशिया'साठीं १९४० सालींच तसा प्रयोग झाला होता, आणि १९९२ पासून डिजिटल पद्धतीचा, आज घरोघरीं ज्यास 'पांच पॉइंट एक' म्हणतात तो, प्रचारांत येऊं लागला. परंतु इतकें सर्व होऊनहि संवादाची जागा मधल्या स्पीकरानें सोडली नाहीं. डावा-उजवा हे संगीताचे व हालचालीचे. पाठीमागचे दोन वारा-पावसाचे, गर्दीच्या कल्लोळाचे. मधला मनुष्याच्या बोलण्याचा. 'पॉइंट एक' म्हणजे स्पीकराचा दहावा हिस्सा नव्हे. ती केवळ खर्जाची स्वतंत्र वाट आहे, आणि तिचा पल्ला इतरांच्या मानानें अगदीं थोडा म्हणून तिला अपूर्णांकाचें स्थान दिलें आहे.

नातू जें मागत होता त्यांत आजीस पाहिजे तें होतें, हें येथें प्रथम माझ्या लक्षांत आलें. त्याची नजर मागच्या दोन स्पीकरांवर होती, माझी मधल्या एकावर गेली.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे येतों. ज्यांच्या घरीं जुना संच आहे त्यांनीं प्रथम तो फिरवून त्याची पाठ पाहावी. तेथें जीं लाल-पांढरीं भोंकें दिसतात तीं पाहून हुरळून जाऊं नये. पुष्कळदां तीं 'इन', म्हणजे आवाज आंत घेण्याचीं असतात; आपणांस पाहिजे 'आउट'. आमच्याकडे सर्वच 'इन' होतीं. एच.डी.एम.आय. भोंकाशेजारीं ए.आर.सी. अशीं अक्षरें असतील तर त्याच एका केबलीनें आवाज परत बाहेर काढतां येतो. ही सोय २००९ च्या सुमारास निघाली, त्यामुळें त्या काळच्या संचांत ती असेलच असें नाहीं. आमच्यांत नव्हती. एक चौकोनी, झांकण असलेलें बारीक दार होतें, त्यांतून तांबडा प्रकाश दिसे. ही प्रकाशाच्या तंतूनें आवाज नेण्याची 'ऑप्टिकल' वाट. आणि बाजूस होतें साधें हेडफोनचें भोंक. ज्यांच्या संचास यांपैकीं कांहींच नाहीं त्यांनींहि निराश होऊं नये. सेट-टॉप बॉक्सच्या पाठीस बहुधा लाल, पांढरें व पिवळें अशीं भोंकें असतात. त्यांतील लाल-पांढऱ्यांतून आवाज थेट घेतां येतो आणि चित्र पूर्वींच्याच केबलीनें टी.व्ही.स जातें.

येथें माझ्या हातून एक चूक झाली, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. ऑप्टिकल हें नांव मोठें, म्हणून मला तेंच उत्तम वाटलें. शाहूपुरींत एका दुकानांतून साडेसहाशें रुपयांस एक लहानसा 'कन्व्हर्टर' आणला. घरीं येऊन तासभर खटपट केली. आवाजाचें नांव नाहीं. नातवानें खोक्यावरील अक्षरें वाचून सांगितलें, "काका-आजोबा, हा उलटा आहे. तारेंतला आवाज प्रकाशांत नेतो, प्रकाशांतला तारेंत नाहीं." खोकें फोडलेलें असल्यामुळें दुकानदारानें तें परत घेतलें नाहीं. त्यास दोष कसा द्यावा? पंचमी आणि सप्तमी यांतील भेद जन्मभर शिकविणाऱ्या मनुष्यानें 'कशांतून कशांत' एवढें तरी वाचावयास पाहिजे होतें. योग्य दिशेचा कन्व्हर्टर घेणारांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें: स्वस्त यंत्रास डॉल्बीची सांकेतिक लिपि उलगडतां येत नाहीं, म्हणून टी.व्ही.च्या सेटिंगमध्यें जाऊन आवाज 'पी.सी.एम.'वर ठेवावा लागतो; नाहीं तर सर्व जोडणी बरोबर असून शांतता, किंवा नुसती खरखर.

डॉल्बी या शब्दावरून आठवलें. आमच्या गांवीं डॉल्बी म्हटलें कीं गणपतीच्या मिरवणुकींतील ती स्पीकरांची भिंत आणि हादरणाऱ्या खिडक्या डोळ्यांपुढें येतात. वास्तविक रे डॉल्बी या अमेरिकन गृहस्थांनीं १९६५ सालीं लंडनमध्यें आपली कंपनी काढली ती फितीवरील खरखर कमी करण्याच्या युक्तीवर. ज्यानें गोंगाट घटविला त्याचेंच नांव आम्हीं गोंगाटास दिलें. असो.

स्पीकरांचा प्रश्न ज्येष्ठ बंधूंच्या काटकसरीनें सोडविला. "माळ्यावर एक आहे ना तें पडलेलें," ते म्हणाले. पुतण्याच्या लग्नांत, २००७ सालीं, डी.व्ही.डी.चें होम थिएटर आलें होतें. त्याची चकती वाचण्याची शक्ति केव्हांच गेली, आणि यंत्र मेलें असें समजून तें माळ्यावर चढविण्यांत आलें. परंतु डोळे गेले म्हणून कंठ जातो असें नाहीं. धूळ झाडून पाहिलें तों आंतला अँप्लिफायर ठणठणीत, पांचहि लहान स्पीकर आणि खर्जाचा डबा शाबूत, आणि पाठीमागें 'ऑक्स-इन' अशीं लाल-पांढरीं भोंकें. अशीं मृत समजलेलीं यंत्रें किती माळ्यांवर पडलीं असतील! नवें घेण्यापूर्वीं तेथें एकवार शिडी लावून पाहावी.

हेडफोनच्या भोंकांतून लाल-पांढऱ्यांत जाणारी वायर एकशें ऐंशी रुपयांस मिळाली. या वाटेचा मोठा गुण असा कीं पिन घालतांच टी.व्ही.चे स्वतःचे स्पीकर बंद होतात, आणि आवाज कमीजास्त करणें टी.व्ही.च्याच रिमोटवर राहतें. ऑप्टिकल वाटेंत बहुधा तसें नाहीं. आणि मातोश्रींस एकच रिमोट ठाऊक. म्हणून ज्याचा मला प्रथम कमीपणा वाटला होता तेंच आम्हांस सोयीचें पडलें.

पण दोन तारांतून पांच स्पीकरांस निरनिराळा आवाज कसा मिळणार, असें वाचक विचारतील. मलाहि तें कोडें होतें. याचें उत्तर 'प्रो लॉजिक' नांवाच्या बटनांत आहे आणि तें मोठें सुंदर आहे. जो ध्वनि दोन्ही तारांत सारखाच आहे, तो मधला असें यंत्र समजतें. जो दोन्हींत आहे परंतु परस्परविरुद्ध आहे, म्हणजे एकींत लाट चढते तेव्हां दुसरींत उतरते, तो पाठीमागचा. उरलेले डावे-उजवे. मालिकेंतील व बातम्यांतील बोलणें बहुधा दोन्ही तारांत सारखें असतें. तें आपोआप मधल्या स्पीकरांत जमतें. नवा स्वस्त संच विकत घेणारांनीं याच कसोटीवर तो दुकानांत पारखावा. बातम्या लावून मागच्या स्पीकरास कान लावावा. निवेदकाचें बोलणें तेथें पुढच्याइतकेंच ठसठशीत येत असेल तर तो पांचांचा संच नव्हे, एकाच आवाजाच्या पांच नकला आहेत.

जोडणीच्या पहिल्या रात्रीं मात्र फजिती झाली. अजून प्रो लॉजिकचें बटन दाबलें नव्हतें, पुढचे दोनच स्पीकर लावले होते. बोलणें खोलींत कोठेंच ठरेना. तें जणुं आपल्याच डोक्याच्या मागून येत होतें, आणि तबल्याच्या बायांचा दम नाहींसा झालेला. पुतण्या म्हणाला, यंत्र बिघडलें. शेवटीं दिसलें कीं डाव्या स्पीकराच्या तारा उलट लागल्या होत्या, तांबड्याच्या जागीं काळी. एक पडदा पुढें येई तेव्हां दुसरा मागें जाई, आणि दोघे मिळून एकमेकांचा खर्ज गिळीत. वायरीच्या दोन पदरांपैकीं एकावर रेघ किंवा उंचवटा असतो. तो सर्वत्र तांबड्यासच लावावयाचा असें एकदां ठरवून टाकावें. हें करतांना यंत्र बंद असावें, कारण उघड्या तारा एकमेकींस लागल्या तर अँप्लिफायर जातो. दुसऱ्या घरचे स्पीकर जोडणार असाल तर पाठीवरील ओहमचा आंकडा अँप्लिफायरनें सांगितल्याहून कमी नसावा.

दुसरा उपद्रव होता एक सतत 'घूं'. केबल टी.व्ही.ची तार काढली कीं तो थांबे. दोन यंत्रांच्या अर्थिंगमध्यें फरक पडला म्हणजे विजेचा खर्ज आवाजाच्या तारेंत शिरतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घेतले तेव्हां तो अर्धा झाला. उरलेल्यासाठीं तारेच्या मध्यें बसणारी आयसोलेटरची लहानशी डबी तीनशें रुपयांस आणावी लागली. कोणी सांगतात कीं प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन मोडून टाका. तें कदापि करूं नये. 'घूं' ऐकूं येणें परवडलें.

मग मांडणी. मागचे दोन स्पीकर शास्त्राप्रमाणें समोरच्या दिशेपासून सुमारें ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित् मागें ठेवावे. ते आम्हीं तुळईखालीं खिळ्यांवर टांगले. खर्जाचा डबा कोपऱ्यांत ठेवला तर फार घुमतो आणि शब्दांवर पांघरूण घालतो, म्हणून तो कोपऱ्यांतून काढून दिवाणाजवळ आणला. समोरच्या उघड्या भिंतीवर वहिनींनीं जुनी गोधडी टांगली, फरशीवर सतरंजी घातली. या दोन वस्तूंनीं जेवढा गुण आला तेवढा कोणत्याहि वायरीनें आला नसेल. आणि त्या फुकट होत्या.

नातवानें सामना लावला. मागून जयघोष उठला तशा वहिनी दचकून उठल्या आणि दार कोणी वाजवलें तें पाहावयास गेल्या. नातू कृतार्थ झाला. मातोश्रींस बोलावून खुर्चीवर बसविलें. त्यांनीं पांच मिनिटें ऐकलें आणि हळूच म्हणाल्या, "छान आहे हो. पण मागें कोणी बोलूं लागलें कीं पुढचें जातें माझें." आणि उठूं लागल्या.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. तेराशें रुपये आणि तीन रविवार खर्चून आम्हीं नातवासाठीं मैदान आणलें, आणि जिच्यासाठीं सर्व आरंभलें ती पुन्हां माजघरांत. मग आठवलें, मातोश्रींस सौ.चें बोलणें कां कळतें? त्या हातभर अंतरावर बसतात म्हणून. लहरी पसरतांना क्षीण होतात. अंतर निम्म्यावर आणलें तर थेट येणाऱ्या ध्वनीचा जोर चौपट होतो, भिंतीवरून फिरून येणारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. मधला स्पीकर टी.व्ही.खालींच पाहिजे हा नियम चित्रपटगृहाचा. तेथें एका सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईसाठीं खुर्ची राखून ठेवलेली नसते.

सकाळीं मीं मधल्या स्पीकराची वायर वाढविली आणि तो एका पाटाच्या उभ्या फळीवर, मातोश्रींच्या खुर्चीपासून दीड हातावर, त्यांच्या कानाच्या उंचीस आणून ठेवला. रिमोटांतील यादींत मधल्याची पातळी दोन घरें वाढविली, मागच्यांची उतरविली आणि खर्ज जवळजवळ मिटविला. आवाज सेकंदाच्या सहस्रांशांत सुमारें ३४ सेंटिमीटर जातो, त्या हिशेबानें मधल्यास किंचित् विलंबहि लावून दिला, म्हणजे पुढचे आणि हा यांचा मेळ सुटूं नये. आम्हां इतरांस बोलणें टी.व्ही.पासून थोडें बाजूला आल्यासारखें वाटलें; दोन दिवसांनीं तेंहि वाटेनासें झालें, कारण ओंठ हलतांना दिसले कीं मन आवाज तेथेंच नेऊन बसवितें. सामन्याच्या दिवसांसाठीं नातवानें मागच्यांची पातळी कागदावर लिहून ठेवली आहे. त्या दिवशीं आजी दुपारींच आपलें ऐकून घेतात, असा तह झाला.

मातोश्री आमच्या तरुणपणच्या गोष्टी सांगतांना नेहमीं म्हणतात कीं केशवराव भोसले नाट्यगृहांत शेवटच्या रांगेंत बसूनहि त्यांस पदाचें अक्षर न् अक्षर कळे. तें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत सांपडलें, तेव्हां त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहींत. त्या कानांची सवय तशी होती, हें मला आधीं आठवावयास पाहिजे होतें.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत त्या सायंकाळीं आपण होऊन आल्या, खुर्ची सरकविली, पाटावरील स्पीकराकडे एकदां संशयानें पाहिलें आणि बसल्या. बातम्या चालू होत्या. आम्ही सर्व टी.व्ही. न पाहतां त्यांच्याकडेच पाहत होतों. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"ही मुलगी 'श'ला 'स' म्हणते रे. पहिल्यापासूनच म्हणत होती काय?"